वन्संची वॉटरबॅग

लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नणंदेला नावानं हाक मारायची नाही. वन्सं म्हणायचं." नणंद माझ्यापेक्षा लहान, तेव्हा कॉलेजात जात होती. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ती हसत उभी होती. सासूबाई बाहेर गेल्यावर म्हणाली, "वन्सं काय गं वहिनी! म्हातारी झाल्यासारखं वाटतंय. निदान अहो-जाहो तरी करू नकोस." मग आमच्यात तडजोड झाली. हाक वन्संची, बोलणं एकेरी. "वन्सं, जेवायला ये." "वन्सं, आधी केस विंचर." शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. पण ते तसंच राहिलं. आजही माझ्या मनात तिला दुसरं नाव नाही.

सत्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. आमचं घर खाडीच्या बाजूला, दुर्गाडीपासून चालत जाण्यासारखं. माझं माहेर बाळकुमला, म्हणजे त्याच खाडीवर खाली, ठाण्याच्या अंगाला. माझे बाबा आणि काका होडी घेऊन खाडीत जायचे, आई मासळीची टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. ओहोटी लागली की कल्याणचं पाणी खाली जातं आणि कधीतरी आमच्या बाळकुमच्या धक्क्यावरून पुढे सरकतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. भांडी घासता घासता मागच्या दारातून ते पाणी दिसायचं. पाणी जायचं, मी राहायचे. सणावाराला किंवा कोणी आजारी पडलं तरच माहेरी जाणं व्हायचं. "एवढं जवळ तर आहे," असं सगळेच म्हणायचे, आणि जवळ असल्यामुळेच मला पाठवायची कोणाला घाई नव्हती.

वन्संला सायकलचं वेड होतं. सासरे वारले त्यानंतर त्यांची काळी जेन्ट्स सायकल जिन्याखाली पडून होती, ती तिनं बाहेर काढली, तेल दिलं आणि चालवायला लागली. पुढे माझ्या नवऱ्यानं उल्हासनगरहून एक वापरलेली स्पोर्ट्स सायकल आणून दिली, खाली वळलेल्या हँडलची. आंबिवलीच्या कारखान्यात कामाला होता तो, बोलायचा कमी. सायकल दारात लावून म्हणाला, "ब्रेक बघून घे," आणि आंघोळीला गेला. वन्सं त्या सायकलभोवती कितीतरी वेळ फिरत होती.

रविवारी पहाटे ती निघायची. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायात भावाचे कॅनव्हासचे बूट, आत कापूस कोंबून. दुर्गाडीचा पूल, मग कोन, मग भिवंडी, आणि तिथून ठाण्याच्या रस्त्यानं काल्हेर-कशेळीपर्यंत. एका रविवारी परत आल्यावर चहा पिता पिता तिनं विचारलं, "वहिनी, कशेळीचा पूल उतरला की बाळकुम ना?"

"हो."

"म्हणजे मी तुझ्या आईच्या दारातून परत फिरते की काय?"

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. पुढच्या रविवारी ती जरा उशिरा आली. सायकलच्या कॅरियरला वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील बांधलेले होते. मी पुडा सोडला आणि तिथेच ओट्याशी उभी राहिले. त्याला आमच्या घराचा वास होता, माडीवरच्या दोरीचा, आईच्या हातांचा. सासूबाई म्हणाल्या, "बघतेस काय, डब्यात भर. मांजर येईल."

तेव्हापासून माझा रविवार बदलला. वन्सं येईपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही. ती आली की मी पाणी द्यायच्या आधी विचारायचे, "आई काय करत होती?"

"बसलेली."

"बसलेली म्हणजे? कुठे? काय करत?"

"अगं बसलेली. पायरीवर."

वन्संला माणसं बघता यायची नाहीत. रस्ता बघता यायचा. कुठे खड्डा पडलाय, कुठे खडी टाकलीय, सगळं सांगायची, पण आईनं कुठलं लुगडं नेसलं होतं ते तिला कधी आठवायचं नाही. मग मी तिला शिकवलं. अंगणात काय वाळत होतं बघ. बाबा घरी होते की खाडीत, विचार. आईचा आवाज बसलाय का, ऐक. हळूहळू तिला जमायला लागलं. "आई जाळं विणत नव्हती, उसवत होती. बाबांचं डोकं दुखतंय. तुझा भाऊ ठाण्याला नोकरीसाठी गेलाय. आणि आई म्हणाली, पोरीला सांग गो, काळजी नको करू." शेवटचं वाक्य ती आईच्या सुरात म्हणायची. तो गो ऐकून मला हसू यायचं आणि मग मी घाईघाईनं कांदा चिरायला घ्यायचे.

पावसाळा संपला आणि तिनं शर्यतीत नाव दिलं. मुलींची शर्यत, कल्याणहून मुरबाड आणि परत. त्यासाठी ती एका सायकल क्लबात जायला लागली. तिथे एक वयस्कर सर होते, तेच मुलामुलींना शिकवायचे. माणूस चांगला, पण त्या काळी सगळ्यांना वाटायचं तसंच त्यांनाही वाटायचं, की सायकल चालवताना पाणी प्यायलं की पोट जड होतं आणि वेग पडतो. तहान लागली तर चूळ भरून थुंकायचं, अगदीच असह्य झालं तर एक घोट, असं त्यांचं सांगणं. वन्सं ते तंतोतंत पाळायची.

गोळे यायला लागले ते तेव्हाच. एका रविवारी ती लंगडत घरी आली. कशेळीवरून परत येताना पोटरीत असा गोळा आला की पाय पेडलवरून निघेना. रस्त्याच्या कडेला सायकलसकट आडवी झाली. एका टेम्पोवाल्यानं थांबून पायाचा अंगठा ओढून दिला, तेव्हा कुठे सुटला. मी तेल गरम करून पोटरी चोळली. दगडासारखी झाली होती. तिच्या काळ्या कमीजच्या पाठीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, नकाशात नदी काढतात तशा. मी बोटानं खरवडलं तर मीठ.

"केवढा घाम येतो गं तुला," मी म्हणाले.

"त्याचं काय, धुतलं की जातं."

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे कल्याणलाच शेवटच्या रेषेपाशी उभे होतो. मुरबाडवरून ती पहिल्या दोघींत परत फिरल्याचं मोटारसायकलवरच्या पोरांनी सांगितलं. सासूबाईंनी हातातला रुमाल पिळून पिळून दोरी केली होती. एकेक मुलगी यायला लागली. आमची येईना. शेवटी सर आपल्या स्कूटरवरून आले आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हारळला बसलीय. दोन्ही पाय धरले." आम्ही रिक्षा करून गेलो. वन्सं एका टायरच्या दुकानासमोर जमिनीवर बसली होती. दुकानदारानं तिला खुर्ची दिली होती, पण तिला उठून बसताच येत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, दम होता गं. दम खूप होता. पायच ऐकेनात."

रिक्षात ती रडली नाही. घरी आल्यावर सायकल जिन्याखाली लावली आणि कित्येक दिवस तिकडे बघितलंही नाही. रविवार आले आणि गेले. माझी आई काय करत होती ते मला कळेना.

त्याच सुमारास आंबिवलीला नात्यातलं एक लग्न होतं. तिथलं जेवण सासूबाईंना बाधलं. परत आल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले, दुसऱ्या दिवशी तर त्यांना उभं राहवेना, आणि पायांत गोळे यायला लागले. त्या कळवळायच्या आणि मी पाय धरून बसायचे. आम्ही त्यांना नगरपालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. त्यांनी जलसंजीवनीची पुडी दिली आणि सांगितलं, "नुसतं पाणी देऊ नका. पाण्याबरोबर अंगातलं मीठ गेलंय, ते परत घालायचं. थोडं थोडं, सारखं. एकदम तांब्याभर नाही."

"म्हणून पायांत गोळे येतायत का?" मी विचारलं.

"हो, मीठ कमी झालं की येतात."

मी आणि वन्संनं एकमेकींकडे बघितलं. मला वाटतं दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी आलं. वन्संनं विचारलं, "आणि घामातून मीठ गेलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, ही कोण, कशाचा घाम. सगळं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. एवढं अंतर सायकल चालवणारी मुलगी त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितली असावी. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. घामातून पाणी जातं तसे क्षारही जातात, इलेक्ट्रोलाइट म्हणतात त्यांना, स्नायूंना आवळायला-सुटायला ते लागतात. दीड-दोन तासांच्या पुढे सायकल चालवायची तर वाटेत मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्यायचं, घोट घोट. वरून केळं खायचं. "पण नुसत्या मिठानं सगळे गोळे जात नाहीत हं," त्या म्हणाल्या. "सवयीपेक्षा जास्त ताण दिला तरी येतात. पाय तयार व्हायला हवेत. आणि मीठ चाखून घालायचं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात डोळ्यांतल्या पाण्याची चव मला चांगली ठाऊक झाली होती. पण मी मान डोलावली फक्त.

घरी येताना वन्सं रिक्षात सासूबाईंना एका हातानं सावरून दुसऱ्या हाताच्या बोटावर मोजत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "इ-लेक-ट्रो-लाइट." सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "माझा जीव चाललाय आणि ही मंत्र म्हणतेय."

पहिला प्रयोग फसला. मीठ चाखून घालायचं असं सांगितलं असताना वन्संला वाटलं, जास्त घातलं तर जास्त उपयोग. माझ्या नकळत तिनं आणखी दोन चमचे टाकले. कोनच्या नाक्यावर तिला भडभडून उलटी झाली आणि तिथली पोरं हसली. मग ते काम मी माझ्याकडे घेतलं. पातेल्यात पाणी उकळून गार करायचं, त्यात साखर, मीठ, लिंबू. मी चाखायचे, मग ती चाखायची. कधी लिंबू जास्त व्हायचं, कधी साखर इतकी की घशाला चिकटायची. कोकम घालून बघितलं, ते तिला आवडलं, पण ओढणीवर सांडलं की डाग जात नव्हता. शहाळ्याचं पाणी चांगलं लागायचं, पण ते रोज कुठून आणणार? शेवटी लिंबावर आलो. घरातलं लिंबू संपलं की सासूबाई कुरकुरायच्या, "घोड्याला चंदी चालू आहे नुसती." एकदा मी कपडे वाळत घालून आत आले तर त्या स्वतःच मोरीजवळ पाटावर बसून लिंबं पिळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बिया राहतात तुझ्या. नळीत अडकतील."

पाणी न्यायचं कशातून हा प्रश्न होता. आता सायकलला बाटली अडकवायची सोय असते, तेव्हा आमच्याकडे तसलं काही नव्हतं. बाजारात शाळेच्या मुलांच्या वॉटरबॅगा मिळायच्या, लांब पट्ट्याच्या, वरच्या टोपणात नळी असलेल्या. वन्संनं निळी घेतली. तिच्यावर बदकाचं चित्र होतं. पट्टा खांद्यावरून तिरका घालून ती पाठीवर टाकायची आणि चालवता चालवता पुढे ओढून नळी तोंडात धरायची. सरांनी बघितल्यावर कपाळाला हात लावला. "शर्यतीला चाललीस की बालवाडीत?" पण जेव्हा ती सलग काही रविवार न थांबता, न लंगडता भिवंडीची फेरी करून आली, तेव्हा तेच एकदा हळूच माझ्या नवऱ्याला विचारून गेले, त्यात नक्की काय काय घालता म्हणून.

एकदम सगळं ठीक झालं असं नाही. माळशेजच्या बाजूला चढावर तिला पुन्हा एकदा गोळा आला, पाणी पीत असतानाही. ती खूप घाबरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच झालं होतं, पायांना चढाची सवय नव्हती. मग तिनं चढ धरले. आठवड्यातून दोनदा, कॉलेजच्या आधी. मी पहाटे उठून पाणी करून द्यायचे. ती जिन्याखालून सायकल काढायला उतरायची आणि मी वॉटरबॅग हातात घेऊन तिच्या मागे उतरायचे. खाली आलं की ती मान वाकवायची आणि मी पट्टा तिच्या डोक्यावरून घालायचे. 

आणि बाळकुमच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या. आता आई तिला रिकाम्या पोटी सोडायची नाही. मीठ घातलेली तांदळाची पेज आणि सोबत भाजलेला सुका जवळा. "तुझी आई म्हणाली," वन्संनं एकदा सांगितलं, "पोरीसारखी तू येतेस, आणि पोर माझी येत नाय." ते वाक्य सांगून ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल वहिनी. पुढच्या रविवारी तुला घेऊन जाते. डबलसीट."

"वेडी का? सासूबाई?"

"आईला मी सांगते."

सासूबाईंना तिनं काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. रविवारी सकाळी त्या देवघरात होत्या, आणि बाहेर आल्याच नाहीत. जिन्याखालची काळी सायकल वन्संनं पुसून ठेवली होती, तिला दणकट कॅरियर होतं. मी पदर खोचून एका बाजूला बसले. एका हातानं सीट धरलेली, मांडीवर वॉटरबॅग. दुर्गाडीच्या पुलावर खाडीवरून वारा आला आणि मी सीट आणखी घट्ट धरली, भीतीनं की आनंदानं ते कळलं नाही. माझ्या पुढे तिची पाठ होती. ती दम टाकायची तेव्हा तिच्या फासळ्या माझ्या खांद्याला जाणवायच्या. "पाणी," म्हणाली की मी मागून नळी तिच्या तोंडाशी धरायचे आणि ती न थांबता ओढायची. मग मला म्हणायची, "तू पण पी. तुलाही घाम आलाय." भिवंडीच्या बाजूला यंत्रमागांचा आवाज सुरू झाला. दोन बायका एका सायकलवर बघून लोक वळून वळून बघत होते. एक म्हातारा ओरडला, "अरे, ट्रक है क्या?" आम्ही दोघी इतक्या हसलो की सायकल कडेच्या मातीत गेली.

कशेळीच्या पुलावर मी तिला थांबवलं. ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते आणि लांब आमच्या धक्क्यावर होड्या आडव्या पडल्या होत्या. मी इथे नेहमी ठाण्याच्या बाजूनं आलेले, बाबांच्या होडीतून पुलाच्या खालून गेलेले. सासरच्या बाजूनं येऊन पुलावरून आपलं घर असं कधी बघितलं नव्हतं. वन्सं सायकल धरून बाजूला उभी राहिली. मी म्हणेपर्यंत तिनं "चल" म्हटलं नाही.

आई पायरीवर मासे निवडत होती. तिनं आधी वन्संला बघितलं, मग माझ्याकडे. हातातला कोयता तसाच राहिला. "गो बाय," एवढंच म्हणाली. त्या दिवशी कुठलाही सण नव्हता. कोणी आजारी नव्हतं. मी फक्त आलेले. आईजवळ बसून मी मासे निवडले, माझ्या जुन्या पाटावर, आणि वन्सं ओट्यावर पाय सोडून पेज पीत बसली. दुपारच्या आत आम्ही परत निघालो. येताना चढाला मी उतरून चालले, तिचे पाय राहावेत म्हणून. घरी सासूबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "वाढलंय. हात धुवा."

पुढच्या हिवाळ्यात मुरबाडची शर्यत पुन्हा झाली. मोठी वॉटरबॅग पूर्ण भरून पाठीवर घेतली तर जड होते, म्हणून ठरलं की वन्सं अर्धी भरलेली घेऊन निघेल आणि वाटेत मी दुसरी देईन. जाताना एक, येताना एक. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मी एकटीच जाणार होते, पण सकाळी बघते तर सासूबाई चपला घालून तयार. मुरबाडच्या एसटीनं आम्ही गोवेलीला उतरलो. सासूबाई एका आंब्याखाली बसल्या, मांडीवर केळ्यांची पिशवी. मी रस्त्याच्या कडेला पट्टा लांब धरून उभी राहिले. खाडीवरच्या रस्त्यावर आम्ही हे बरेच दिवस शिकत होतो. मी हात लांब करून पट्ट्याचा फास उघडा धरायचा, तिनं वेग कमी न करता त्यात हात घालायचा.

जाताना चुकलं. बाजूनं दुसरी एक मुलगी आली, वन्सं जरा आत वळली आणि बॅग माझ्या हातातून सुटून रस्त्यावर फुटली. ती ओरडली, "राहू दे!" आणि गेली. मी रस्त्यावर ओल्या झालेल्या धुळीकडे बघत राहिले. सासूबाई मागून म्हणाल्या, "रडतेस काय? अजून एक आहे ना? नीट धर आता." आणि पाटलीण असल्यासारख्या रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलवाल्यांना हात करून बाजूला करायला लागल्या.

येताना ती तिसरी होती. लांबून दिसली तेव्हा तिची मान खाली गेली होती. मला म्हारळ आठवलं. मी पदर खोचला आणि तिच्या दिशेनं तोंड करून उभी न राहता तिच्याबरोबर पळायला लागले, कल्याणच्या दिशेनं, हात मागे धरून. पट्टा ओढला गेलेला कळला आणि हात हलका झाला. माझ्या पुढे ती निघून गेली, नळी तोंडात, पाठीवर बदक हलत होतं. मी थांबले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

कल्याणला पोहोचेपर्यंत शर्यत संपली होती. वन्सं दुसरी आली होती. आम्हाला बघून ती धावत आली. सरळ, दोन्ही पायांवर. मी विचारायच्या आधी म्हणाली, "वहिनी, गोळा आला नाही! एकदाही नाही!" दुसरी आल्याचं तिनं नंतर सांगितलं. सासूबाईंनी तिचं तोंड पदरानं पुसलं आणि केळं सोलून हातात दिलं.

त्या शर्यतीला रेल्वेच्या खेळाचं बघणारी काही माणसं आली होती. पुढे चाचणी झाली, मग आणखी एक, आणि तिला नोकरी लागली. मुंबईत नाही. पार बिलासपूरला. घरात सगळे खूश होते. मीही होते. पेढे मीच वाटले. पण पेढे वाटता वाटता मला कळलं की आमच्या घरातून लग्नाशिवाय, वाजंत्रीशिवाय मुलगी चाललीय आणि तिच्या पाठवणीला रडायचीही सोय नाही. कल्याण स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबली. तिची सायकल गोणपाटात गुंडाळून सामानाच्या डब्यात टाकली होती. ती खिडकीत बसली, तिचे डोळे भरलेले. "आईकडे जात जा," म्हणाली. "बसनं जा. कोणाला विचारत बसू नकोस."  गाडी हलल्यावर लक्षात आलं, माझ्या आईला ती नुसतं आई म्हणाली होती.

तिच्यामागे रविवार आले ते रिकामे आले. सकाळी जाग यायची त्याच वेळेला. हात पातेल्याकडे जायचा. लिंबं तशीच सुकून जायची आणि सासूबाई ती लोणच्यात घालायच्या. आम्ही दोघी चहा घेऊन बसायचो. त्या एखाद्या वेळी म्हणायच्या, "आत्ता कोनला पोचली असती." मी म्हणायचे, "हो. भिवंडीच्या अलीकडे."

मी बसनं गेले, कोणाला न विचारता. पहिल्यांदा गेले तेव्हा आईनं माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "सायकलवाली नाय आली?"

वन्सं बिलासपूरला खेळली, काही वर्षं चांगली खेळली. मग गुडघा गेला. तिथल्याच एका माणसाशी लग्न केलं. दोनदा-तीनदा आली, मुलाला घेऊन. बोलताना हिंदी यायचं. नवऱ्यासमोर ती मला तुम्ही म्हणायला लागली. त्यात तिचं काही चुकलं नाही, तिकडची तशी रीत असेल. पण ती "वहिनी, तुम्ही बसा, मी करते," म्हणाली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून राहिले आणि मला आपण कोणाच्या तरी घरी पाहुणी आलोय असं वाटलं.

नव्वदीच्या मध्यावर सासूबाई गेल्या. आंबिवलीचा कारखाना डबघाईला आला, नवऱ्यानं ठाण्याला काम शोधलं आणि आम्ही कल्याणचं घर सोडलं. कुठे घर घेतलं तर बाळकुमला. शेतांत पहिल्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत. आईचं घर आमच्या गॅलरीतून दिसायचं. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं. रोज संध्याकाळी मी आईकडे जायचे आणि आम्ही दोघी भाजीच्या फोडणीवरून भांडायचो. कशेळीच्या पुलाकडून येणाऱ्या रस्त्यावर रविवारी सकाळी माझी नजर जायची. कोणी सायकलवरून आलं तर मी ते जवळ येईपर्यंत बघायचे. दूधवाला असायचा, नाहीतर कंपनीतून सुटलेला कामगार.

घरी फोन बसला त्या महिन्यात मी नंबर लावायला शिकले. बिलासपूरला एसटीडी लागायला वेळ लागायचा. रविवारीच लावायचे. पलीकडे घंटी वाजायची, मी कधीच न बघितलेल्या एका घरात.

"हॅलो?"

"वन्सं, मी."

"वहिनी!" मग तिचा आवाज खाली यायचा. तिकडे लाइट नव्हती. मुलाची परीक्षा होती. उन्हाळा भयंकर होता, पंखे गरम हवा फेकत होते. मी सांगायचे, आईच्या गुडघ्यांचं काय झालं, आमच्या इमारतीला पाण्याची टाकी कधी लागणार, पुलाजवळचा रस्ता रुंद करतायत. ती म्हणायची, "हो का? खडी कुठपर्यंत टाकलीय?" मी सांगायचे.

मग दोघींचं बोलून संपायचं.

"अजून काय?" ती विचारायची.

"काही नाही. तुझं?"

"माझं पण काही नाही."

लाइनवर खरखर चालू असायची. नवरा आतून म्हणायचा, किती वेळ बोलणार. मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहायचे. पलीकडे तिचा श्वास ऐकू यायचा. तीही ठेवत नव्हती.